लेख लिहिण्याआधी दुवे लावा: विकिपीडियावर आपल्या भागाचा लेख पोरका राहू नये म्हणून

मराठी विकिपीडियावर विदर्भातल्या गावांचे, तलावांचे, यात्रांचे लेख लिहिणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "लेख तर टाकला, पण कोणी पाहतच नाही. चार ओळींचा होता, चार ओळींचाच राहिला." लेखाच्या संपादनांचा इतिहास उघडून पाहिला तर लिहिणाऱ्याचं एकट्याचं नाव, आणि मधूनच वर्ग (लेख ज्या विषयगटात मोडतो तो) दुरुस्त करून गेलेला एखादा सांगकाम्या, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम. मजकूर वाईट असतो असं नाही. बाकीच्या लेखांतून त्याच्याकडे एकही दुवा येत नाही, ही खरी अडचण. पांदण नसलेल्या वावरात पीक कितीही जोमात असो, बंडी आत नेता येत नाही. विकिपीडियाचा वाचक लेखातून लेखात फिरतो, आणि चूक दिसली की त्यातलाच एखादा संपादनाचं बटण दाबतो. वाचकच पोचला नाही तर चूक दुरुस्त करणारा, फोटो चढवणारा, संदर्भ जोडणारा यायचा कुठून?

बहुतेक जण आधी पूर्ण लेख लिहितात, शेवटी दोन वर्ग चिकटवतात आणि फोन खिशात घालतात. दुवे आठवले तर आठवले. खालचा क्रम याच्या उलट आहे. तो आहे तसाच पाळा, कारण एक टप्पा चुकला तर पुढच्या तीन टप्प्यांत निस्तरावा लागतो. उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत घेऊ: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (गावाची मालकी असलेल्यांच्या) काळातले सिंचनाचे तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. असा लेख आधीच आहे का, हे तुम्ही शोधून पाहालच. इथे तो नाही असं धरून चालू.

## तयारी

खातं आजच काढा, लेख नंतर लिहा. नव्याकोऱ्या खात्याला पानाचं नाव बदलता येत नाही, आणि पहिल्याच दिवशी मोठा लेख टाकणाऱ्याकडे जुने सदस्य जरा संशयाने पाहतात. मधल्या काळात आपल्या तालुक्याच्या, नदीच्या लेखांतलं शुद्धलेखन दुरुस्त करत राहा. त्यात हातही बसतो आणि कोणत्या लेखात काय आहे हेही कळतं.

फोनवरून काम करणार असाल, आणि आपल्याकडे बहुतेक जण फोनवरूनच करतात, तर पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात 'डेस्कटॉप' लिहिलेलं असतं, ते दाबा. एखाद्या पानाकडे कुठून कुठून दुवे येतात ते दाखवणारं 'येथे काय जोडले आहे' हे साधन तिथे सहज सापडतं, आणि पुढे ते सारखं लागणार आहे. मजकूर आधी फोनच्या नोंदवहीत लिहा, मग चिकटवा. रेंज गेली की विकिपीडियाच्या चौकटीत टाइप केलेलं परत मिळेलच याची खात्री नसते.

संदर्भ हाताशी हवेत. गावासाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्ह्याचं गॅझेटियर, तारखेसह वर्तमानपत्रातल्या बातम्या. पारावर ऐकलेलं, सरपंचांनी सांगितलेलं कितीही खरं असलं तरी चालत नाही.

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: लेखाचं नाव आणि त्याची बाकी रूपं, दुवा कुठून येईल, दुवा कुठे जाईल. हा कागद भरल्याशिवाय 'नवीन पान तयार करा' याला हात लावू नका.

आधी हे तपासा: विषयाला स्वतंत्र लेख हवा आहे का? गोंदियाकडचा टोला, यवतमाळकडचं कोलामांचं पोड, चंद्रपूरकडचा तुकूम अशा छोट्या वस्त्या मूळ गावाचाच भाग असतील तर वेगळं पान काढू नका. मूळ गावाच्या लेखात त्यांच्यावर एक विभाग लिहा. रिठी गावाचंही तेच. पटवाऱ्याच्या दप्तरात ते मौजा म्हणून असतं, पण तिथे माणूस राहत नाही. त्याची नोंद शेजारच्या गावाच्या लेखात जास्त शोभते, आणि तिथे ती वाचलीही जाते.

## टप्पा १: नाव पक्कं करा

दुवा म्हणजे दोन चौकोनी कंसांत लिहिलेलं लेखाचं नेमकं शीर्षक. एका वेलांटीचा फरक पडला तरी दुवा भलतीकडे जातो किंवा लाल राहतो, म्हणजे त्या नावाचं पानच नाही असं दाखवतो. म्हणून दुवे लावायच्या आधी नाव ठरलं पाहिजे. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळे तो गाळतात.

आपल्याकडे तर नावांचा गोंधळ पाचवीला पुजलेला. बुलडाणा की बुलढाणा, वरुड की वरूड, मुर्तिजापूर की मूर्तिजापूर, ब्रह्मपुरी की ब्रम्हपुरी. तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. सिंदी म्हणाल तर सिंदी रेल्वे वेगळं आणि सिंदी मेघे वेगळं, आणि दोन्ही वर्धा जिल्ह्यातच. आपल्या उदाहरणात 'मामा तलाव', 'माजी मालगुजारी तलाव', 'मालगुजारी तलाव' ही तिन्ही नावं कागदपत्रांत आणि बातम्यांत सापडतात.

शीर्षक म्हणून असं नाव घ्या जे विश्वासार्ह संदर्भांत आहे आणि जे लोक शोधपेटीत टाइप करतील. बाकीची रूपं कागदाच्या पहिल्या रकान्यात लिहून ठेवा. ती सहाव्या टप्प्यात लागतील. आपण 'मामा तलाव' हे नाव धरू.

सावधान: एकाच नावाची गावं विदर्भात आणि विदर्भाबाहेरही आहेत. आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, बीड जिल्ह्यात आहे आणि गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातही आहे. कळंब यवतमाळात आणि धाराशिवात. सेलू वर्ध्यात आणि परभणीत. कारंजा म्हणजे वाशिमचं कारंजा लाड की वर्ध्याचं कारंजा घाडगे? नुसतं [[आष्टी]] लिहून मोकळे झालात तर तुमचा वाचक बीडला उतरू शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याचा दुवा देताना तर आधी क्लिक करून पाहाच, कारण [[मूल]] तुम्हाला तालुक्याच्या ठिकाणी नेईल की लेकराबाळांच्या लेखात, हे न बघता सांगता येत नाही.

नद्यांचं जास्तच अवघड. पूर्णा नावाची एक नदी सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाण्यातून तापीला मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळते. तिसरी गुजरातेत आहे. शिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा हे गावही आहे, रेल्वे जंक्शनचं. बुलढाणा जिल्ह्याला तर दोन्ही पूर्णांचं पाणी आहे, कारण देऊळगाव राजाकडचं खडकपूर्णा धरण गोदावरीच्या पूर्णेवरचं. गावाच्या लेखात नुसतं "पूर्णा नदीकाठी" लिहून दुवा दिला तर खोरंच बदलून जाईल.

## टप्पा २: दुवा कुठून येणार ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. येणारे दुवे वाचक आणतात एवढंच सगळ्यांना माहीत असतं. कोणता लेख कसला माणूस आणतो, याचा विचार कोणी करत नाही. तुमच्या लेखावर पुढे कोण काम करेल हे बऱ्याच अंशी या यादीने ठरतं.

मामा तलावाच्या लेखाकडे फक्त 'गोंदिया जिल्हा' या लेखातून दुवा आला तर जिल्ह्याची माहिती शोधणारा विद्यार्थी येईल, वाचेल, निघून जाईल. तोच दुवा धानाच्या लेखातून आला तर सिंचन, रोवणी, वाण यांची माहिती असलेला माणूस येण्याची शक्यता वाढते. सारस पक्ष्याच्या लेखातून आला तर पक्षीनिरीक्षक येतील, आणि त्यांच्याकडे फोटो असतात. गोंदियातले सारस धानाच्या बांध्या आणि तलावांवर जगतात, त्यामुळे तो दुवा ओढूनताणून आणलेला वाटणार नाही. कोहळी समाजाच्या लेखातून आला तर हे तलाव कोणी आणि कसे बांधले, यावर लिहिणारा मिळू शकतो. ढिवर समाजाच्या किंवा गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या लेखातून आला तर मत्स्य सहकारी संस्थांचा विभाग वाढेल. आणि मालगुजारीच्या, म्हणजे १९५० च्या कायद्याने संपलेल्या त्या मालकी पद्धतीच्या लेखातून आला तर हे तलाव सरकारकडे कसे आले, तो कायदेशीर भाग कोणीतरी हाती घेईल.

एकच लेख, पण दरवाजे वेगळे आणि आत येणारी माणसंही वेगळी. म्हणून यादी करताना निरनिराळ्या विषयांतले चार-पाच लेख निवडा. पाचही दुवे जिल्हा आणि तालुक्यांच्याच लेखांतून आणू नका.

हे लेख शोधायचे कसे? शोधपेटीत विषयाचं नाव टाका, पण सुचवलेल्या पहिल्या पानावर उडी मारू नका. यादीच्या तळाशी तो मजकूर असलेली सगळी पानं शोधण्याचा पर्याय असतो, तो घ्या. तुमच्या विषयाचा उल्लेख दुव्याशिवाय आधीच कुठे कुठे झालेला आहे, हे कळेल. अशा जागा म्हणजे घरबसल्या मिळालेलं धन. तिथे नवीन वाक्य लिहावं लागत नाही, फक्त कंस लावायचे.

मराठीत एक अडचण येते. 'मालगुजारी' शोधलं तर 'मालगुजाऱ्यांच्या' सापडेलच असं नाही. शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे तारांकन चिन्ह द्या: मालगुजा*. गावांसाठीही हेच. चिखलदरा शोधताना चिखलदर* आणि चिखलदऱ* असे दोन्ही शोध घ्या.

गावाचा लेख असेल तर तालुका, नदी, जवळचं धरण, रेल्वे स्थानक, गावात जन्मलेली नामांकित व्यक्ती असे लेख पाहा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव घ्या. गाडगेबाबांचा जन्म तिथला, १८७६ चा. त्यांच्या लेखातल्या जन्मस्थळावर दुवा नसेल तर तालुक्याच्या लेखातल्या यादीत शेंडगावाचं नाव असून फार उपयोग नाही. तुकडोजी महाराजांच्या लेखातून मोझरी आणि यावली, चिमूरच्या १९४२ च्या लढ्यातून चिमूर, महानुभाव पंथाच्या लेखातून रिद्धपूर, हे सगळे असेच चालते रस्ते.

तपासा: यादीतल्या प्रत्येक लेखात तुमचा विषय नसता तर तो लेख थोडा अपुरा वाटला असता का? उत्तर 'नाही' असेल तर तो लेख यादीतून काढा.

## टप्पा ३: दुवा नीट लिहा

मराठी लेखांतल्या दुव्यांच्या सगळ्यात जास्त चुका विभक्तीमुळे होतात. इंग्रजीचं पाहून शिकलेल्यांना हे कोणी सांगत नाही.

नावाचं रूप बदलत नसेल तर प्रत्यय कंसाच्या बाहेर, लगेच चिकटून लिहा: [[नागपूर]]च्या, [[गोंदिया]]ला, [[अमरावती]]त. पानावर पूर्ण शब्द निळा दिसतो.

रूप बदलत असेल तर उभी रेघ वापरा. रेघेच्या आधी लेखाचं शीर्षक, नंतर दिसणारा शब्द: [[वर्धा|वर्ध्याला]], [[भंडारा|भंडाऱ्यात]], [[चिखलदरा|चिखलदऱ्याच्या]], [[बुलढाणा|बुलढाण्यात]]. वर्धा हे जिल्ह्याचं, शहराचं आणि नदीचंही नाव आहे, तेव्हा नेमकं कोणतं हेही रेघेच्या डावीकडेच ठरवायचं.

नेहमीची चूक: [[भंडाऱ्यात]] असं लिहून मोकळं होणं. असं शीर्षक नसल्यामुळे दुवा लाल होतो, आणि कधी कधी कोणी उत्साही माणूस त्या लाल दुव्यावर क्लिक करून 'भंडाऱ्यात' नावाचं नवं पान काढून बसतो.

प्रत्यय मात्रेने सुरू होत असेल तर तो कंसाबाहेर टाकू नका. 'तलावांचे' लिहायचं तर [[मामा तलाव|मामा तलावांचे]] असंच लिहा. मात्रा कंसाबाहेर लोंबकळत ठेवली की पुढे संपादन करणारा ती हमखास मोडतो.

सावधान: वऱ्हाड लिहिताना जो अर्धा र येतो तो संगणकात दोन पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना अक्षर तेच, पण यंत्राच्या लेखी शब्द वेगळे. तुमच्या कीबोर्डवरून आलेला [[वऱ्हाड]] लाल दिसतो आणि लेख तर आहे, असं झालं तर डोकं खाजवत बसू नका. शीर्षक त्या लेखाच्या पानावरून उचलून चिकटवा. दृश्य संपादकात (जिथे कंस न लिहिता पान जसं दिसतं तसंच संपादता येतं) साखळीचं चिन्ह दाबून सुचवलेल्या नावांतून निवडलं तर हा प्रश्न येतच नाही.

दुवा ठेवायचा कुठे? लेखाच्या वरच्या भागातल्या दुव्यांवर जास्त क्लिक होतात, पण त्यासाठी मामा तलाव धानाच्या लेखाच्या पहिल्या ओळीत कोंबू नका. जिथे वाचकाला "हे काय असतं?" असं वाटेल तिथे दुवा हवा. उदाहरणार्थ धानाच्या लेखातल्या सिंचनाच्या विभागात: "पूर्व विदर्भात धानाला पाणी मुख्यतः पावसाचं आणि [[मामा तलाव|मामा तलावांचं]] मिळतं." संदर्भासह. 'हेही पहा' हा विभाग शेवटचा उपाय. तिथे टाकलेला दुवा कशासाठी आहे हे वाचकाला कळत नाही.

एका लेखात एकाच नावाला पहिल्या उल्लेखाला दुवा पुरे. पाणी, शेती, लोक, पाऊस यांना नको. भारत आणि महाराष्ट्र यांना दर परिच्छेदात कंस घालणाऱ्यांना आवरायला हवं. पान निळं होतं आणि कामाचा दुवा त्यात बुडतो.

## टप्पा ४: लाल दुवे आधी पेरा

आता यादीतल्या चार-पाच लेखांमध्ये दुवे टाका. लेख अजून नाही, त्यामुळे ते लाल दिसतील. दिसू द्या. लाल दुवा बघून अनेकांना वाटतं की काहीतरी बिघडलंय, आणि ते कंस काढून टाकतात. बिघडलेलं काही नसतं. इथे लेख हवा आहे, एवढंच तो सांगतो.

२००८ साली डायोमिडिस स्पिनेलिस आणि पानागिओटिस लुरिदास या ग्रीक संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियाचा इतिहास तपासून दाखवलं की नवे लेख बहुधा कुठेतरी लाल दुवा पडल्यानंतर जन्माला येतात, आणि तो दुवा देणारा आणि लेख लिहिणारा बहुतेक वेळा वेगळेच असतात. म्हणजे तुम्ही पेरलेला दुवा भंडाऱ्याच्या कोण्या अनोळखी मास्तरांनी उचलला तर आश्चर्य नको. तुमचा मसुदा तयार असेल तर लगेच पुढचा टप्पा घ्या. नसेल तर दुवे तसेच राहू द्या.

पेरताना दोन गोष्टी पाळा. सगळीकडे एकच शीर्षक वापरा. तीन लेखांत तीन रूपं लिहिली तर लेख आल्यावर एकच दुवा निळा होईल. आणि अर्ध्या तासात वीस लेखांत आपल्या गावाचं नाव घुसवू नका. 'अलीकडील बदल' पाहणाऱ्यांना ती जाहिरात वाटते आणि सगळे बदल एका झटक्यात उलटवले जातात. प्रत्येक बदलाच्या सारांशात एक ओळ लिहा: "सिंचनाच्या विभागात मामा तलावाचा दुवा जोडला."

गावातल्या खासगी व्यक्तींच्या नावावर लाल दुवा देऊ नका. ग्रामपंचायत सदस्यांची यादी कंसांत लिहिणं ही आपल्याकडची लाडकी सवय आहे, आणि त्यातले बहुतेक दुवे कायम लालच राहतात.

तपासा: अस्तित्वात नसलेल्या पानासाठीही 'येथे काय जोडले आहे' चालतं. लाल दुव्यावर क्लिक करा, मग साधनांच्या यादीतून ते उघडा. पेरलेले सगळे लेख यादीत दिसले पाहिजेत. एखादा दिसत नसेल तर तिथे शीर्षकाचं रूप चुकलं आहे. लेख लिहायच्या आधी हे सापडलं तर दोन मिनिटांचं काम.

## टप्पा ५: मग लेख

मसुदा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, तयार करा आणि लाल दुव्यावर क्लिक करूनच पान काढा. शीर्षक आपोआप बरोबर येतं. मजकुराबद्दल फार लिहीत नाही, कारण तो कसा लिहावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. पहिल्या दोन वाक्यांत विषय काय, कुठे आणि कशासाठी हे सांगा, प्रत्येक दाव्याला संदर्भ द्या, दुसऱ्या संकेतस्थळावरून उतरवू नका. "निसर्गरम्य", "जागृत देवस्थान", "पावन भूमी" हे शब्द गाळा.

जाणाऱ्या दुव्यांकडे मात्र लक्ष द्या. ज्यांनी दुवा दिला त्यांच्याकडे परत दुवा हवा, पण जिथे वाक्यात जागा आहे तिथेच. त्यापलीकडे दोन-तीन लाल दुवे मुद्दाम ठेवा, ज्यांवर खरंच लेख होऊ शकतो: तलावाखालच्या पाणीवाटपाची पद्धत, बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, एखादा मोठा जुना तलाव. नवेगाव बांधाचा लेख असेल तर निळा दुवा, नसेल तर लाल. पण दहा ओळींच्या लेखात पंधरा लाल दुवे नकोत. वाचताना डोळे दुखतात आणि कोणता महत्त्वाचा ते कळत नाही.

तपासा: जतन करण्याआधी झलक पाहा आणि प्रत्येक निळा दुवा नव्या टॅबमध्ये उघडा. निळा आहे म्हणजे बरोबर आहे असं नाही. लाल चूक लगेच दिसते, निळी चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

## टप्पा ६: बाकीच्या नावांची सोय

पहिल्या रकान्यातली उरलेली रूपं आता बाहेर काढा. 'माजी मालगुजारी तलाव' नावाचं पान काढून त्यात एकच ओळ लिहा, म्हणजे ते नाव टाकणारा आपोआप मूळ लेखावर पोचेल:

#पुनर्निर्देशन [[मामा तलाव]]

तसंच 'मालगुजारी तलाव' साठी. गावांसाठी ऱ्हस्व-दीर्घाची चुकलेली पण चलनातली रूपं, आणि अचलपूरसाठी एलिचपूर यासारखी जुनी नावं. टोला, पोड, रिठी गावांची नावंही अशीच मूळ गावाच्या लेखाकडे वळवा. लोक चुकीचं टाइप करतातच. त्यांना शुद्धलेखन शिकवत बसण्यापेक्षा नेऊन पोचवा.

एका पुनर्निर्देशनातून दुसऱ्या पुनर्निर्देशनाकडे नेऊ नका. यंत्रणा एकच उडी मारते. दुसऱ्या ठिकाणी वाचक अडकतो. पानाचं नाव बदललं की जुनी पुनर्निर्देशनं थेट नव्या नावाकडे वळली आहेत का ते बघा.

एकाच नावाचे तीन-चार विषय असतील तर निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे त्या सगळ्यांची यादी देणारं पान, हवं. ते आधीच असेल तर त्यात तुमच्या गावाची एक ओळ जोडा, तालुका आणि जिल्ह्यासह. त्या पानाकडे लेखांतून दुवा जाऊ नये. जात असतील तर तेही दुरुस्त करा. हे काम कोणीच करत नाही, म्हणून फार उपयोगी आहे.

## टप्पा ७: वर्ग, साचा, विकिडाटा

वर्ग लावा, पण वर्ग म्हणजे दुवा नाही. 'गोंदिया जिल्ह्यातील गावे' या वर्गात लेख बसवला म्हणून तो कुठे जोडला गेला असं होत नाही. 'येथे काय जोडले आहे' मध्ये वर्ग मोजलाच जात नाही. लेख पोरका राहण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, कारण लेखकाला वाटतं की जोडणी झाली.

तळाशी येणारा सुचालन साचा, म्हणजे संबंधित लेखांच्या दुव्यांची तयार चौकट, याच्या उलट फसवतो. तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या साच्यात तुमचं गाव घातलं की एका क्षणात त्या सगळ्या गावांच्या लेखांतून दुवे आलेले दिसतात. आकडा फुगतो, पण त्या चौकटीपर्यंत खाली जाणारे वाचक थोडे. साच्यात जरूर घाला, पण वाक्यातले तीन दुवे मिळाल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

विकिडाटा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतल्या लेखांना जोडणारा माहितीसाठा, विसरू नका. इंग्रजीत किंवा हिंदीत त्याच विषयावर लेख असेल तर भाषांच्या यादीतून जोडणी करा, म्हणजे तिकडच्या वाचकाला मराठी लेख दिसतो. गावांच्या बाबतीत विकिडाटावर आधीच नोंद असण्याची शक्यता बरीच असते. नवी काढण्याआधी जिल्हा, तालुका आणि नकाशावरची जागा जुळवून बघा, नाहीतर सेलूच्या लेखाला परभणीच्या सेलूचं स्थान चिकटायचं.

## टप्पा ८: महिन्याभराने परत या

साधनांच्या यादीतल्या 'पानाची माहिती' मध्ये गेल्या ३० दिवसांत पान किती वेळा उघडलं गेलं ते कळतं. 'येथे काय जोडले आहे' परत उघडा, नामविश्वात, म्हणजे पानांच्या प्रकारात, फक्त लेख निवडा. नवे दुवे आले असतील तर ते कोणी आणि कोणत्या वाक्यात दिले ते वाचा. लेखात काय कमी आहे याचा अंदाज तिथून येतो. हवामानाच्या लेखातून दुवा आला आणि तुमच्या लेखात पाणीसाठ्याबद्दल एक अक्षर नाही, तर पुढचा विभाग ठरला.

तुम्ही दिलेला दुवा कोणी काढला असेल तर त्या लेखाचा इतिहास उघडून सारांश वाचा. पटला तर सोडून द्या. नाही पटला तर चर्चा पानावर विचारा, आणि तिथे आठवडाभर कोणी बोललं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर. तोच दुवा पुन्हा पुन्हा टाकण्याचा शेवट खातं अडवलं जाण्यात होतो.

लाल राहिलेल्या दुव्यांपैकी ज्यावर लेख होण्याइतके संदर्भ आहेत ते ठेवा. बाकीच्यांचे कंस काढा, शब्द राहू द्या. आणि मधल्या काळात कोणी तलावाचं क्षेत्रफळ किंवा गावांची संख्या बदलली असेल तर लगेच उलटवू नका. आधी त्याचा संदर्भ उघडून बघा. तलावावर झालेलं अतिक्रमण, साचलेला गाळ आणि नोंदीचं वर्ष यांमुळे दोन कागदांवरचे आकडे जुळतीलच असं नाही. अशा वेळी दोन्ही आकडे आपापल्या वर्षासह लेखात ठेवा.